पाच मीटर सूत आणि एक टिचबटण

या कृतीतून तयार होतो तो माणसाच्या अकराव्या गुणसूत्राचा एक तुकडा. खऱ्या तुकड्यात डीएनएची सुमारे ८५ हजार अक्षरं असतात. आपला तुकडा सव्वाचार मीटर सुताचा. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक याच तुकड्यावर बसतं. त्याला चालू करणारी कळ मात्र त्याच्या शेजारी नसते, पन्नास-साठ हजार अक्षरं अलीकडे असते. इतक्या लांबून ती चालते कशी, हे फळ्यावर चित्र काढून सांगण्यात फारसा अर्थ नाही. चित्रात सगळी जनुकं सरळ रेषेत येतात आणि मुलांच्या डोक्यात ती रेषा कायमची बसते. सूत हातात दिलं की ते वळतं, दुमडतं, स्वतःवरच येऊन पडतं, आणि अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

जागा लांबट हवी. मुंबईच्या काळाचौकीत चाळीची गॅलरी उत्तम. शाळेचा व्हरांडा किंवा मंडळाच्या मंडपातली प्रदर्शनाची बाजूही चालेल. शेजारी गिरणीच्या त्रासन, म्हणजे सूतकताईच्या, खात्यात काम केलेले कोणी आजोबा असतील तर त्यांना खुर्ची टाकून बसवा. सातव्या पायरीला त्यांचा हात लागणार आहे.

हेच जनुक का निवडलं, तेही सांगून टाकतो. दूरवरून जनुक चालवणाऱ्या कळांचा शोध ज्या थोड्या ठिकाणी आधी लागला त्यांत हे ठिकाण अग्रभागी आहे. आणि ते आपल्या दाराशी आहे. काळाचौकीहून चालत निघालं तर अर्ध्या तासात परळचं केईएम रुग्णालय येतं; त्याच्या आवारातल्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, आहे. १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. थॅलसेमिया आणि सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दोन आजारांवर, म्हणजे याच सव्वाचार मीटर सुतावर, तिथे कित्येक वर्षं काम चाललं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट इथल्या घराघरांत सिकलसेल आहे. आता तर संस्थेचं एक केंद्र चंद्रपूरलाच उभं राहिलं आहे.

साहित्य

जाडसर शिलाईच्या दोऱ्याची दोन पांढरी रिळं. लाल, पांढरा आणि निळा असे आणखी थोडे दोरे. मंगळसूत्रात ओवतात ते बारीक काळे मणी दहा-पंधरा (भुलेश्वरला हवे तेवढे मिळतात), नऊ-दहा सेफ्टीपिना, टिचबटणांचा एक पत्ता, चावीच्या जुडग्याची एक लहान कडी, कपडे वाळत घालायचे चिमटे, शिंप्याची टेप, रंगीत स्केचपेनं, फेविकॉल, सेलोटेप, कात्री, खडू. टिचबटणं लोखंडीच घ्या. प्लॅस्टिकची दोनदा उघडली की सैल पडतात.

१. माप ठरवा

हजार अक्षरांना ५ सेंटिमीटर. हे प्रमाण सहज म्हणून घेतलेलं नाही. खऱ्या डीएनएत हजार अक्षरं ३४० नॅनोमीटर जागा घेतात. म्हणजे आपण साधारण दीड लाख पटींनी मोठं करतो आहोत. या पटीत डीएनएची २ नॅनोमीटर जाडी ०.३ मिलिमीटर होते, आणि जाडसर शिलाईचा दोरा जवळपास तेवढाच असतो. लांबी आणि जाडी दोन्ही एकाच प्रमाणात जुळणारं मॉडेल सहसा हाती लागत नाही. हे लागलं आहे, तर दोरा बदलू नका.

आता गॅलरीच्या फरशीवर खडूने मीटरभर व्यासाचं वर्तुळ काढा. हे पेशीचं केंद्रक. आपल्या प्रमाणात एका पेशीतला सगळा डीएनए ३०० किलोमीटरच्या वर भरतो, म्हणजे सूत इथून सोडलं तर कऱ्हाडपर्यंत पोचेल. ते सगळं या वर्तुळाएवढ्या गोळ्यात बसवायचं आहे. हा आकडा मुलांना आधीच सांगा. मग दोरा दुमडायचा का, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

२. खुणा करा

पाच मीटर पांढरा दोरा कापा आणि गॅलरीच्या कठड्याला ताणून बांधा. डावीकडे पंचवीस-तीस सेंटिमीटर सोडून शून्य धरा. शून्यावर लाल खूण करा. पुढे १५, ३१, ५० आणि ७४ सेंटिमीटरवर आणखी चार लाल खुणा. या पाच जागा मिळून आपली कळ होते. शास्त्रज्ञ तिला लोकस कंट्रोल रीजन म्हणतात. आपण एलसीआर म्हणू. खुणांची नावं उजवीकडून डावीकडे एचएस-१ ते एचएस-५.

मग जनुकं. प्रत्येक जनुक दीड हजार अक्षरांच्या आसपास, म्हणजे आठेक सेंटिमीटरचा रंगीत पट्टा. १०५ सेंटिमीटरवर एप्सिलॉन, १८० वर जी-गॅमा, २०५ वर ए-गॅमा, २८१ वर डेल्टा, ३१८ वर बीटा. शेवटी ४२५ च्या सुमारास आणखी एक लाल खूण: ३-प्राइम एचएस-१.

रंग देताना एक गोष्ट आपोआप दिसते. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन चालतं, मग गॅमा, आणि जन्माच्या आगेमागे बीटा. कळेपासून जनुकं ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने ती आयुष्यात चालू होतात. हा योगायोग नाही. उंदरांत जनुकांची जागा बदलून पाहिली, बीटा कळेजवळ आणून ठेवलं, तर ते वेळेआधीच चालू झालं.

३. मणी गुंडाळा

केंद्रकात डीएनए उघडा नसतो. हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांभोवती तो गुंडाळलेला असतो, एका गोळ्याभोवती १४७ अक्षरं, जवळजवळ पावणेदोन वेढे. डीएनए आणि ही प्रथिनं मिळून जे होतं ते क्रोमॅटिन. आपल्या प्रमाणात असा मणी दीड मिलिमीटरचा आणि त्याला लागणारा दोरा सात मिलिमीटरचा. बारीक काळा मणी बरोबर या मापाचा असतो.

७८ ते ९५ सेंटिमीटरच्या मधल्या मोकळ्या भागात दहा मणी गुंडाळा. दोरा मण्याच्या भोकातून ओवायचा नाही, बाहेरून वेढा घ्यायचा आणि फेविकॉलचा थेंब लावायचा. काम किचकट आहे. बारीक बोटांच्या मुलांना द्या. दोन मण्यांत अडीच मिलिमीटर दोरा मोकळा ठेवा. दहा सेंटिमीटर दोरा चारेक सेंटिमीटरमध्ये आटोपलेला दिसेल. म्हणूनच खुणा आधी आणि मणी नंतर.

पूर्ण तुकड्याला सव्वाचारशे मणी लागतील. तेवढे करत बसू नका, नुसता हिशोब सांगा: सगळे मणी चढवले तरी एचएस-२ आणि बीटा यांच्यात मीटरभर अंतर उरतंच. मण्यांनी डीएनए आखूड होतो, पण कळ जनुकाला भिडत नाही.

४. उघड्या जागा

पाच लाल खुणांवर आणि ४२५ च्या खुणेवर मणी नकोत. तिथे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दोरा उघडा ठेवा आणि प्रत्येक खुणेत एक सेफ्टीपीन अडकवा. पीन म्हणजे तिथे येऊन बसलेली प्रथिनं. तांबड्या पेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींमध्ये गाटा-१ हे त्यांतलं मुख्य. त्वचेच्या किंवा मेंदूच्या पेशीत हाच दोरा असतो, अक्षर न् अक्षर तोच, पण तिथे यांतल्या बहुतेक जागा मण्यांनी बुजलेल्या असतात.

या जागा सापडल्या त्या कात्रीने. डीएनएज-१ नावाचं विकर क्रोमॅटिनवर सोडलं की ते मण्यांवर गुंडाळलेल्या भागाला सहज हात लावत नाही, उघडा दोरा मात्र चटकन कापतं. १९८० च्या दशकात ग्लोबिन जनुकांच्या अलीकडे असे कापले जाणारे ठिपके दिसले. तिथे कुठलंच जनुक नव्हतं, म्हणून ते काय करतात हे कोडं होतं. १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसव्हेल्ड यांच्या लंडनमधल्या गटाने हे ठिपके माणसाच्या बीटा जनुकाला जोडून उंदरात घातले. तोवर नुसतं बीटा जनुक उंदरात घातलं की ते कुठे जाऊन पडतं त्यावर सगळं अवलंबून असे, आणि बहुतेकदा ते जेमतेमच चाले. ठिपके जोडल्यावर ते कुठेही पडलं तरी जोरात चालायला लागलं.

पिनेच्या आसपासचे दोन-तीन मणी पिवळ्या स्केचपेनाने रंगवा (तिथे नसतील तर सुटे मणी बाजूला चिकटवा). हे अ‍ॅसिटिल खुणेचे मणी. हिस्टोनच्या शेपटीवर धन विद्युतभार असतो आणि डीएनएवर ऋण, म्हणून दोघं चिकटून राहतात. अ‍ॅसिटिल गट लागला की धन भार जातो आणि पकड सैल पडते. चालू कळ आणि चालू जनुक दोन्हींपाशी ही पिवळी खूण सापडते. अनोळखी डीएनएत कळ शोधायची तर आज संशोधक आधी हीच खूण शोधतात.

५. कडी ओढा

कठड्यावरून दोरा सोडा आणि फरशीवरच्या वर्तुळात टाका. मधला कुठलाही भाग चिमटीत धरून त्याचा छोटा फास चावीच्या कडीतून बाहेर काढा. आता फास मोठा करत चला, दोन्ही बाजूंचा दोरा कडीतून ओढत. ही कडी म्हणजे कोहेसिन. खऱ्या कडीची रुंदी ४०-५० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या मापाने सहा-सात मिलिमीटर. जुडग्याची कडी थोडी मोठी पडते, चालवून घ्या. कोहेसिन असा फास ओढतं हे २०१९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

कडी थांबते सीटीसीएफ नावाच्या प्रथिनापाशी. शून्यावर आणि ४२५ वर दोऱ्याला जाड गाठ मारा आणि दोन्ही गाठींपाशी शाईने बाण काढा, एकमेकांकडे तोंड करून. बाणांची तोंडं उलटी असतील तर खरी कडी सहसा थांबत नाही. गाठी कडीला अडकल्या की एचएस-५ आणि ३-प्राइम एचएस-१ शेजारी येतात आणि पाचही जनुकं एका फासात बंद होतात.

इथे थोडं थांबा. पाहणाऱ्याला वाटतं, झालं, एवढंच होतं. पण २००६ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने उंदराच्या पेशीत ही गाठच सोडवून पाहिली. मोठा फास सैल पडला, आणि ग्लोबिन मात्र पहिल्यासारखंच चालू राहिलं. मोठा फास वाडीची हद्द आखतो. कोणाचं दार उघडायचं ते तो ठरवत नाही.

६. टिचबटण लावा

दार उघडतं ते या पायरीत. टिचबटणाचा उंचवट्याचा अर्धा भाग एचएस-२ च्या पिनेपाशी शिवा. खळग्याचे भाग पाचही जनुकांच्या तोंडाशी, पट्ट्याच्या डाव्या कडेला शिवा. कळेकडे बटण एकच आणि जनुकं पाच, हे मुद्दाम ठेवा.

आता फासाच्या आत दोरा दुमडून बटण बीटावर दाबा. मधला अडीच मीटरहून जास्त दोरा लोंबत राहतो आणि कळ जनुकाला चिकटते. पेशीत हे बटण म्हणजे एलडीबी१ हे प्रथिन. ते स्वतः डीएनएवर बसत नाही. गाटा-१ आणि टाल-१ या प्रथिनांच्या खांद्यावर बसतं. कळेवर एक, जनुकाच्या तोंडाशी एक, आणि दोन एलडीबी१ एकमेकांना धरतात. (खऱ्यात दोन्ही बाजू एकसारख्याच असतात. उंचवटा-खळगा ही बटणाची सोय.) कळेपाशी जमलेला सगळा जथा, पिवळी खूण करणारी प्रथिनंसुद्धा, त्या जनुकाच्या तोंडाशी येतो आणि नक्कल करणारं आरएनए पॉलिमरेज तिथून सुटतं.

भेट झाली म्हणून जनुक चालू होतं, की जनुक चालू झालं म्हणून भेट होते? हा वाद बरीच वर्षं चालला. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात गेर्ड ब्लोबेल यांच्या गटाने तो बऱ्याच अंशी मिटवला. त्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या ज्यांत गाटा-१ नव्हतं, त्यामुळे भेटही नव्हती आणि ग्लोबिनही नव्हतं. मग बीटाच्या तोंडाशी नेमकं जाऊन बसणारं एक कृत्रिम प्रथिन बनवलं आणि त्याला एलडीबी१ जोडलं. म्हणजे बटण हाताने शिवलं. भेट झाली आणि जनुक बऱ्यापैकी चालू झालं. दोन वर्षांनी त्यांनी तेच बटण माणसाच्या प्रौढ पेशीत गॅमाच्या तोंडाशी शिवलं आणि झोपलेलं गॅमा उठलं. नवव्या पायरीला हे लागेल, लक्षात ठेवा.

बटण काढून एप्सिलॉनला लावा, मग जी-गॅमाला, मग बीटाला. गर्भापासून जन्मापर्यंतचा प्रवास एवढाच. एका वेळी एकच जनुक हेही हाताला कळतं. खऱ्या पेशीत भेटी क्षणभंगुर असतात, जुळतात आणि सुटतात. मॉडेलमध्ये ते दाखवायचं तर कोणाला तरी सतत टकटक बटण लावत-काढत बसवावं लागेल. दहा वर्षांखालची मुलं हे काम आनंदाने करतात.

७. भेट झाल्याचा पुरावा

ही पायरी मुख्य दोऱ्यावर करू नका, त्याला कात्री लागेल. वेगळा दोरा घ्या: मीटरभर लाल, दोन मीटर पांढरा, मीटरभर निळा, टोकाला टोक सांधून. लाल म्हणजे कळ, निळा म्हणजे बीटा. तो दोनदा तयार करा. एकावर चिठ्ठी लावा ‘यकृत’, दुसऱ्यावर ‘मेंदू’. गर्भात तांबड्या पेशी यकृतात बनतात, म्हणून यकृत.

‘यकृत’ दोऱ्याचा लाल आणि निळा भाग एकत्र आणून चिमट्याने घट्ट धरा. ‘मेंदू’ तसाच पसरून ठेवा, जिथे जो भाग शेजारी येईल तिथे चिमटा लावा. बहुतेक लाल लालापाशी आणि निळा निळ्यापाशीच येईल. प्रयोगशाळेत चिमट्याचं काम फॉर्मल्डिहाइड करतं: जे जिथे आहे ते तिथेच गोठतं. मग चिमट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंटिमीटरवर कात्री मारा. हे काम कापणाऱ्या विकराचं.

आता आजोबांना बोलवा. चिमट्याखाली चार सुटी टोकं आहेत. जवळची दोन टोकं एकमेकांना सांधायची आहेत. गिरणीत साच्यावर तुटलेली तार बोटांच्या एका फिरकीत सांधली जाई. नव्या हाताला ते जमत नाही. पेशीबाहेर हे काम लायगेज नावाचं विकर करतं, आणि तेही टोकं जवळजवळ असतील तरच. सांधून झालं की चिमटा काढा, उरलेल्या अखंड तुकड्यांना दोन-चार ठिकाणी आणखी कात्री मारा, आणि दोन्ही दोऱ्यांचे सगळे तुकडे दोन वेगळ्या वाट्यांत टाका.

पाहणाऱ्याला वाटी द्या आणि लाल-निळी गाठ शोधायला सांगा. ‘यकृता’च्या वाटीत ती मिळेल, ‘मेंदू’च्या वाटीत नाही. मूळ दोऱ्यात लाल आणि निळ्यात दोन मीटर पांढरा होता. तरी ते सांधले गेले, म्हणजे कापताना ते शेजारी होते. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी भेट गाठीने पकडली. योब डेकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही पद्धत यीस्टवर मांडली, आणि त्याच वर्षी रॉटरडॅममध्ये उंदराच्या यकृत आणि मेंदूवर तीच लावून ग्लोबिनची भेट दाखवली गेली. आजही पेशीतल्या घड्यांचे जे नकाशे निघतात ते बहुतेक याच सांधणीवर उभे आहेत, फरक एवढाच की गाठी आता कोट्यवधींनी मोजतात.

आपल्याकडे पुण्यात हा विषय बराच आधी पोचला. संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी१ या प्रथिनावर काम केलं, आधी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि नंतर आयसरमध्ये. रोगप्रतिकारक टी-पेशींमध्ये हे प्रथिन क्रोमॅटिनला ठिकठिकाणी धरून फास पाडतं. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की हे फास बदलले की एमएचसी या रोगप्रतिकाराशी निगडित भागातल्या जनुकांचं चालणंही बदलतं.

८. जनुक शाबूत, तरी बंद

मुख्य दोऱ्यावर परत या. एचएस-२ आणि एचएस-१ यांच्या मधे, साठ सेंटिमीटरवर कात्री मारा आणि डावीकडचा सगळा तुकडा बाजूला काढा. (पाहून झालं की गाठ मारून परत जोडा, खुणा दोन सेंटिमीटरने सरकतील.) पाचही जनुकं जागेवर आहेत, एक अक्षर बिघडलेलं नाही, खळगे तयार आहेत. दाबायला बटण नाही.

अशी माणसं खरोखर असतात. हिस्पॅनिक वंशाच्या एका रुग्णात अगदी असाच तुकडा गेलेला सापडला आणि १९८९ मध्ये त्याचं वर्णन झालं. डच थॅलसेमियाचं उदाहरण त्याहून आधीचं: तिथे सुमारे एक लाख अक्षरं गळाली होती, आपल्या मापात ३०५ सेंटिमीटरपर्यंतचं सगळं आणि शून्याच्या डावीकडचंही पुष्कळ. बीटा जनुक पूर्ण होतं आणि पूर्ण बंद होतं. जनुकाबाहेरचं काहीतरी जनुक चालवतं, ही शंका या रुग्णांमुळेच पक्की झाली. थॅलसेमियाच्या चाचणीत बीटा जनुकाची अक्षरं वाचून काहीच दोष सापडला नाही तर काम तिथे संपत नाही, ते यामुळे.

९. सिकलसेलचा ठिपका

बीटा पट्ट्याच्या डाव्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर पेनाच्या अगदी टोकाने ठिपका द्या. सिकलसेलचा दोष इथे आहे: एका ‘ए’च्या जागी ‘टी’. आपल्या मापात एक अक्षर ०.०५ मिलिमीटर, केसाहून बारीक. तुमच्या ठिपक्याखाली दहा-वीस अक्षरं सहज झाकली जातील.

बाळ जन्मतं तेव्हा गॅमा जोरात असतं. गॅमाच्या, म्हणजे गर्भाच्या हिमोग्लोबिनने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत, म्हणून पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं. बटण गॅमावरून बीटावर सरकलं की दुखणं सुरू. मग बटण गॅमावर परत का नेऊ नये?

कारण गॅमाच्या तोंडावर कोणीतरी बसतं. जी-गॅमा पट्ट्याच्या डावीकडे, कडेपासून सहा मिलिमीटर अलीकडे सेलोटेपचा तुकडा चिकटवून खळगा झाका. टेप म्हणजे बीसीएल११ए हे प्रथिन. ते गॅमाच्या अलीकडे ११५ व्या अक्षरापाशी बसतं आणि प्रौढ पेशीत गॅमाला बंद ठेवतं. ए-गॅमालाही अशीच टेप लावा.

जी-गॅमाच्या टेपेच्या आणखी दोन मिलिमीटर डावीकडे, १५८ व्या अक्षरावर, हिरवा ठिपका द्या. भारतातल्या सिकलसेलच्या बहुतेक गुणसूत्रांवर इथे ‘सी’ऐवजी ‘टी’ असतं, आणि त्याने जी-गॅमा थोडं जास्त चालतं. आपल्या आदिवासी रुग्णांमध्ये गर्भाचं हिमोग्लोबिन अनेकदा १५-२० टक्के मिळतं. आफ्रिकी रुग्णांत सहसा बरंच कमी. यावरून भारतातला आजार सौम्यच, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. नागपूरकडच्या डॉक्टरांनी गंभीर आजारी मुलंही पुष्कळ नोंदवली आहेत. ठिपका मदत करतो, राखण करत नाही.

१०. दुसरं रीळ

टेप काढायची तर बीसीएल११ए बंद करावं लागेल. ते जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे, म्हणून दुसरं रीळ. पाच मीटर दहा सेंटिमीटर दोरा घ्या. एवढं लांब ते एकच जनुक. डाव्या टोकापासून २९० सेंटिमीटरवर, म्हणजे ५८ हजार अक्षरांवर, एक पीन लावा. ही त्याची कळ, आणि ती त्याच्याच पोटात, प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागात बसलेली आहे. २७५ आणि ३१० वर दोन जोडीदार पिना लावा. डाव्या टोकाला बटणाचा खळगा, २९० ला उंचवटा, आणि दाबा: बीसीएल११ए चालू, तिकडे पहिल्या दोऱ्यावर टेप घट्ट.

आता २९० ची पीन काढा आणि दोऱ्यातून तिथला अगदी छोटा तुकडा कात्रीने उडवून दोन टोकं सांधा. गाटा-१ ला बसायला जागा उरली नाही. उंचवट्याचं बटण दोऱ्यावर आहे, पण त्याला धरणारी पीन गेली, म्हणून ते खोलून घ्या. पहिल्या दोऱ्यावर येऊन सेलोटेप काढा आणि एलसीआरचं बटण गॅमावर दाबा.

जनुकच का नाही कापलं? मुलं विचारतातच. बीसीएल११ए मेंदूच्या आणि बी-पेशींच्याही कामाचं आहे. ५८ हजारावरची कळ फक्त तांबड्या पेशींच्या वाटेवर चालते. तीच मोडली की बाकीच्यांना धक्का नाही. कॅसजेवी हा उपचार नेमका हेच करतो: रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने ही जागा कापायची, अस्थिमज्जा औषधाने रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने पुढच्याच महिन्यात. सिकलसेलचा ठिपका तसाच राहतो, त्याला कोणी हात लावत नाही.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. हा आकडा प्रदर्शनाच्या पाटीवर लिहा, लपवू नका. शेजारी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलची रिकामी पट्टी चिकटवा: तीही गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते, रोज घ्यावी लागते, डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि तिचा खर्च त्या आकड्याशी तुलनाही करण्याजोगा नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा भर मात्र उपचाराआधीच्या कामावर आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. गावी कोणाला आजार असेल आणि लग्न ठरत असेल तर दोघांची रक्ततपासणी आधी करून घ्यायची, हेही पाटीवर येऊ द्या. पाहणाऱ्यांत विदर्भातले, खानदेशातले लोक असतील, आणि सूत पाहून झाल्यावर ते हाच प्रश्न विचारतील.

दुसऱ्या दिवशीसाठी: टिचबटणं सैल झाली असतील तर बदला, ‘यकृत’ आणि ‘मेंदू’ नव्याने सांधा, आणि दोन्ही गुणसूत्रांची रिळं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एकत्र ठेवली तर सोडवताना संध्याकाळ जाते.